हेवी गाणी न ऐकणाऱ्याला हेवी गाण्यांचं मिक्स भेट द्यायचं तर

हेवी गाणी आवडणाऱ्या माणसांना एक खोड असते. कुणी जरा कान दिला की लगेच चाळीस गाण्यांची प्लेलिस्ट पाठवून मोकळे होतात. ती प्लेलिस्ट तिसऱ्या गाण्याला बंद पडते आणि ‘नुसता गोंगाट आहे रे’ एवढाच निरोप येतो. दोष बहुतेक वेळा गाण्यांचा नसतो. जाड, खरखरीत गिटार सलग वाजत राहिली की थोड्या वेळात कानाला तिची सवय होते आणि मग ती जाड वाटेनाशी होते. शेंगाचटणी कितीही आवडो, कुणी वाटी तोंडाला लावत नाही. शेजारी दही-भाकरी लागते. भेट म्हणून मिक्स बांधायचं तर निम्मं काम गाणी निवडण्याचं असतं आणि निम्मं कुठलं गाणं कुणाच्या शेजारी बसवायचं याचं.

कुठल्या संगीताबद्दल बोलतोय ते आधी सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या दशकात सिॲटल, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया इथल्या काही बँड्सनी मेटल या जड गिटारच्या रॉकचं वजन घेतलं, पंक या साध्या, आडदांड रॉकचा रांगडेपणा घेतला आणि मेटलमधली वेगाची शर्यत सोडून दिली. साउंडगार्डन, ॲलिस इन चेन्स, हेल्मेट, मेल्विन्स, कायस, फेथ नो मोर, टूल, पुढे डेफ्टोन्स. आपल्याकडे मुंबईचा भयानक मौत, दिल्लीचा ब्लडीवुड. प्रत्येकाची जात वेगळी आहे, पण मिक्सपुरतं एवढं कुटुंब पुष्कळ झालं.

उदाहरण म्हणून माझ्या मामेबहिणीसाठी बांधलेलं मिक्स घेतो. ती सोलापुरात तबला शिकली, आता पुण्यात नोकरीला आहे, सुट्टीला घरी आली की सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने परत जाते. हेवी संगीताबद्दल तिचं मत वर लिहिलंय तेच होतं.

आधी माणूस

गाण्यांची यादी काढायच्या आधी तीन गोष्टी माहीत करून घ्या: तो माणूस कुठे ऐकतो, कशावर ऐकतो आणि लहानपणापासून त्याच्या कानावर काय पडलंय. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची.

सोलापुरात या तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं फार निरनिराळी येतात. पूर्व भागातल्या घरात तेलुगू सिनेमाची गाणी वाजतात, दुसऱ्या घरात कन्नड भजनं, तिसऱ्या घरात अभंग. आणि मिरवणुकीतली हलगी सगळ्यांनीच ऐकलेली असते. हलगीवर नाचलेल्या माणसाला ‘हे फार जोरात आहे’ ही अडचण मुळात नसते. त्याला ताल सापडला की झालं. अभंग ऐकणाऱ्याला आवाज लागतो, म्हणजे गाणारा चांगला हवा. अशा माणसाला साउंडगार्डनच्या ख्रिस कॉर्नेलचा आवाज ऐकवा, गिटारकडे तो नंतर वळेल. दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात काम करणाऱ्याचं गणित निराळं. त्याला संध्याकाळी आवाजाची भिंत नको असते. त्याच्यासाठी संथ, खोल, जागा सोडत वाजणारी गाणी निवडा आणि आवाज कमी ठेवून ऐकली तरी चालतील अशी निवडा.

कुठे ऐकतो हेही जुजबी नाही. विजापूर रोडवरून गाडी चालवताना बास ऐकूच येत नाही, कारण टायरचा आणि इंजिनचा आवाज तो गिळून टाकतो. मग ज्यांची सगळी मजा खालच्या सुरांत आहे अशी गाणी गाडीतल्या मिक्समध्ये वाया जातात. रेल्वेत इअरफोनवर ऐकणाऱ्याचंही थोडंफार तेच. घरात स्पीकरवर ऐकणार असेल तर शिव्या असलेली गाणी टाळा. रेज अगेन्स्ट द मशीनचं ‘किलिंग इन द नेम’ कितीही लाडकं असलं तरी शेवटी तोच अपशब्द पुन्हा पुन्हा ओरडला जातो, आणि नेमका त्याच वेळी काकू चहा घेऊन येतात.

दार कुठून उघडायचं

ऐकणाऱ्याला आधीपासून जे कळतं त्यातून आत शिरायचं. बहिणीच्या बाबतीत ते तालाचं होतं, आणि या संगीतात तालाचा माल भरपूर आहे. रॉक म्हणजे चाराचा ठेका हा समज इथे टिकत नाही.

साउंडगार्डनचं १९९४ चं ‘स्पूनमॅन’ सातात आहे, म्हणजे सात मात्रांच्या आवर्तनात. त्यात सिॲटलच्या रस्त्यांवर चमचे वाजवणाऱ्या कलाकाराने स्वतः चमचे वाजवलेत. ॲलिस इन चेन्सचं १९९२ चं ‘देम बोन्स’ अडीच मिनिटांचं आहे आणि त्याची मुख्य गत, म्हणजे गिटारची परत परत येणारी सुरावट, सातातच चालते. ध्रुवपदाला चारात येते. साउंडगार्डनचंच ‘फेल ऑन ब्लॅक डेज’ सहाचं आहे. टूलच्या २००१ च्या ‘स्किझम’मध्ये पाच आणि सातची सांगड आहे.

हे सगळं मी बहिणीला सांगितलं नव्हतं. जेवणाच्या टेबलाशी बसून तिने इअरफोनवर ‘स्पूनमॅन’ लावलं. सुरुवातीला कपाळाला आठी होती. मग उजव्या हाताची बोटं स्टीलच्या ताटाच्या कडेवर वाजायला लागली: तीं तीं ना, धीं ना, धीं ना. एक आवर्तन चुकलं, दुसरं चुकलं, तिसऱ्याला सम बरोबर पडली. इअरफोन काढून ती म्हणाली, “दादा, हे सातात आहे की!” रूपक या सात मात्रांच्या तालाचे खंड आणि या गाण्यातले जोर जसेच्या तसे एकावर एक बसत नाहीत, पण मोजणी सातचीच. तिथून पुढे ती गोंगाट ऐकत नव्हती, मात्रा मोजत होती.

ऐकणारा तबल्याचा नसेल तर दार दुसरं शोधा. पेटी वाजवणाऱ्याला पट्टीवरून सांगता येतं. यातल्या पुष्कळ गाण्यांत गिटारची सर्वांत जाड तार एक पूर्ण सूर उतरवून पांढरी दोनला आणलेली असते. मग एका बोटात जाडजूड सुरावट वाजते. कायसचा गिटारवादक आणखी खाली, पांढरी एकला यायचा आणि गिटार बासच्या ॲम्प्लिफायरमधून वाजवायचा. तो दणदणाट कुठून येतो हे पेटीवाल्याला एका वाक्यात कळतं. नियमशीर शिक्षण घेतलेल्याला हेल्मेटची गोष्ट आवडते: त्या बँडचा म्होरक्या पेज हॅमिल्टन जाझ गिटार शिकलेला आहे, आणि त्याच्या गतींमध्ये थांबण्याच्या जागा मोजून मापून ठेवलेल्या असतात.

गाणी कुठून घ्यायची

स्ट्रीमिंग ॲपवर ‘डाउनलोड’ केलेलं गाणं त्या ॲपमध्येच कुलूपबंद असतं; ते पेन ड्राइव्हवर किंवा सीडीवर जात नाही. पैसे देऊन विकत घेतलेली फाइल किंवा स्वतःच्या सीडीवरून उतरवलेली फाइल हवी. बँडकॅम्पवर अनेक बँड स्वतः गाणी विकतात आणि एकदा घेतलेलं गाणं एमपी३, फ्लॅक अशा हव्या त्या प्रकारात उतरवता येतं. शक्यतो फ्लॅकच घ्या, त्यात आवाजाचा दर्जा कमी होत नाही. व्हिडिओवरून ओरबाडलेला आवाज या संगीताला फार मारक ठरतो, कारण हलक्या दर्जाच्या फाइलमध्ये सगळ्यांत आधी झांजा बिघडतात. त्या पाण्यात बुडवल्यासारख्या सळसळायला लागतात. भावगीतात हे चटकन लक्षात येत नाही. इथे पहिल्या ठोक्याला येतं.

आणि निवडलेल्या प्रत्येक गाण्याचे शब्द एकदा वाचा. ‘देम बोन्स’ ज्या ‘डर्ट’ या अल्बममध्ये आहे त्यातली बरीच गाणी हेरॉइनच्या व्यसनाबद्दल आहेत, आणि ते गाणारा लेन स्टेली २००२ मध्ये त्याच व्यसनाने गेला. संगीत म्हणून ते थोर आहे. पण ज्याच्या घरात नुकतंच काही घडलंय, किंवा जो स्वतःच खचलाय, त्याच्या हातात सजवून देण्यासारखी ती वस्तू नाही. सुरावट छान आहे म्हणून गाणं घुसडायचा मोह इथे आवरावाच लागतो.

क्रम

एकूण लांबी चाळीस ते पन्नास मिनिटं ठेवा. पेन ड्राइव्हवर शंभर तास मावतात म्हणून शंभर तास द्यायचे नाहीत. कॅसेट वापरत नसलात तरी दोन बाजू कल्पा: एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांची, मध्ये थांबा, मग दुसरी. नवख्या कानाला एका बैठकीत एक बाजू पुरते.

माझा एक ठोकताळा आहे. लागोपाठच्या दोन गाण्यांमध्ये वेग, ताल, गळा आणि वजन या चारांपैकी निदान दोन गोष्टी बदललेल्या असाव्यात. आणि एकाच बाजूवर एका बँडचं एकच गाणं. नाहीतर ते मिक्स राहत नाही, त्या बँडची वकिली होते.

बहिणीसाठी पहिली बाजू अशी लावली:

१. साउंडगार्डन, ‘स्पूनमॅन’
२. हेल्मेट, ‘अनसंग’
३. ब्लडीवुडचं ढोल असलेलं एक गाणं
४. ॲलिस इन चेन्स, ‘देम बोन्स’
५. डेफ्टोन्स, ‘चेंज’

सुरुवात ओळखीच्या सातावर. ‘अनसंग’ सरळ चालतं, मोजायला काही नाही, म्हणून तिथे कान गिटारकडे जातो. तिसऱ्या जागेला हिंदी-पंजाबी शब्द आणि ढोल आला की इतका वेळ इंग्रजी ऐकत असलेला माणूस जरा सैलावतो. मग ‘देम बोन्स’ येतं, पुन्हा सात, पण या वेळी सावरायला वेळ न देता. ते तुटल्यासारखं संपतं. त्यानंतर ‘चेंज’ची संथ, धुक्यातून आल्यासारखी सुरुवात. हा सांधा मला या सगळ्या मिक्समधला सर्वांत लाडका. दोन्ही गाणी सुटी ऐकली तर कळत नाही, पण अडीच मिनिटांच्या माऱ्यानंतर ‘चेंज’ दुप्पट मोठं वाटतं.

दुसरी बाजू ॲलिस इन चेन्सच्या ‘नटशेल’ने उघडली. ते १९९४ च्या ‘जार ऑफ फ्लाइज’मधलं, जवळजवळ पूर्ण ॲकुस्टिक गिटारवरचं गाणं आहे. शांत सुरुवातीमुळे पुढे कायसचं ‘ग्रीन मशीन’ नीट अंगावर येतं. मग ‘फेल ऑन ब्लॅक डेज’, तिला दादऱ्याच्या सहा मात्रा सापडाव्यात म्हणून. शेवटी ‘स्किझम’, पावणेसात मिनिटांचं, मोजत बसायला. लांब आणि अवघड गाणं कायम बाजूच्या शेवटी ठेवावं. तिथपर्यंत पोचलेला माणूस तुमचा झालेला असतो.

मेल्विन्सला मी मुद्दाम बाहेर ठेवलं. निर्वानापासून कितीतरी जणांवर त्यांचा प्रभाव आहे आणि मला ते प्राणप्रिय आहेत, पण आठ मिनिटांहून लांब आणि गोगलगायीच्या चालीने जाणारं ‘बोरिस’ पहिल्या भेटीत देणं म्हणजे हट्टीपणा. ते दुसऱ्या मिक्ससाठी राखून ठेवा.

आवाजाची पातळी

घरी केलेली बहुतेक मिक्स इथे फसतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या सीडी तुलनेने हळू आवाजात बनवलेल्या असतात; दोन हजारनंतरच्या आणि नव्याने काढलेल्या जुन्या अल्बमच्या आवृत्त्या बऱ्याच मोठ्या. तशाच एकापाठोपाठ लावल्या तर ऐकणारा प्रत्येक गाण्याला आवाजाच्या बटणाशी खेळत बसतो.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. सगळी गाणी वेगवेगळ्या ट्रॅकवर आणा. एकेक ट्रॅक निवडून इफेक्ट मेनूतलं लाउडनेस नॉर्मलायझेशन लावा. तिथे आधीपासून उणे २३ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) असा आकडा असतो; तो फोनसाठी फार हळू पडतो. उणे १६ घाला. यामुळे बहुतेक हेवी गाणी खाली येतील, आणि तसंच व्हायला हवं. मोठ्यांना खाली आणायचं, हळू असलेल्यांना फार वर ओढायचं नाही, कारण वर ओढताना ठोक्यांची टोकं कापली जातात आणि ड्रम पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा येतो. व्ह्यू मेनूत क्लिपिंग दाखवण्याची सोय आहे. ती चालू ठेवली की कापली गेलेली जागा लाल रेघेने दिसते. लाल दिसलं तर सगळ्यांचाच आकडा आणखी एक-दोनने खाली न्या.

यानंतर एक काम कानानेच करायचं. सगळ्यांना एकच आकडा लावल्यावर ‘नटशेल’मधली ॲकुस्टिक गिटार ‘ग्रीन मशीन’एवढीच मोठी होऊन बसते, आणि शांत गाण्यानंतरचा दणका गायब होतो. म्हणून शांत गाणं दोन-तीन डेसिबल खाली घ्या. किती, ते दोन गाण्यांचा सांधा ऐकून ठरवा: आधीच्याची शेवटची वीस सेकंदं, नंतरच्याची पहिली वीस. पूर्ण गाणी पुन्हा पुन्हा ऐकत बसलात तर कान थकतो आणि सगळंच बरोबर वाटायला लागतं.

एक गाणं विरत असताना दुसरं आणणारा क्रॉसफेड लग्नाच्या डीजेला शोभतो. इथे गाणं संपल्यावर गिटारचा जो गुंजारव रेंगाळतो तो गाण्याचाच भाग आहे. तो पूर्ण विझू द्या आणि मग एक-दोन सेकंद शांतता ठेवा. तुटून संपणाऱ्या गाण्यानंतर मात्र अर्धा सेकंद पुरतो.

कशावर द्यायचं

पेन ड्राइव्ह सगळ्यांत सोयीचा. फोनला थेट लागणारा टाइप-सी घेतला तर रेल्वेतही चालतो. गाडीत रेंज आली-गेली तरी गाणं अडत नाही. गाडीच्या स्टिरिओसाठी असेल तर एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, १६ जीबीचा भरपूर झाला. फाइलच्या नावापुढे ०१, ०२ असे आकडे घाला आणि त्याच क्रमाने एकेक फाइल कॉपी करा, कारण काही स्टिरिओ नावाचा क्रम न पाहता कॉपी केल्याच्या क्रमाने वाजवतात. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक बाजूची एकच सलग फाइल काढायची. मग शफल चालू असलं तरी तुमचा क्रम कुणी मोडू शकत नाही. ३२० केबीपीएसच्या एमपी३ मध्ये पंचवीस मिनिटांची बाजू साधारण ६० एमबीची होते.

सीडी द्यायची तर ऑडिओ सीडीच बनवा, डेटा सीडी नको. जुन्या प्लेअरवर फक्त पहिलीच हमखास चालते. ८० मिनिटं मावतात. बर्न करताना डिस्क-ॲट-वन्स निवडा, नाहीतर प्रत्येक गाण्यामध्ये आपोआप दोन सेकंदांची फट पडते आणि सांध्यावरची सगळी मेहनत पाण्यात जाते. वर कागदी स्टिकर चिकटवू नका. सीडीसाठीच्या मार्करने लिहा.

कॅसेटची हौस असेल, घरात चालू डेक असेल आणि ऐकणाऱ्याकडेही असेल, तरच त्या वाटेला जा. ६० मिनिटांची कॅसेट घ्या. ९० वाल्यातली फीत पातळ असते. सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर रेकॉर्डिंग होत नाही, म्हणून पाचएक सेकंद पुढे नेऊन मग सुरू करा. आधी डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. झालं की वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होणार नाही.

सीडी असो की कॅसेट, देताना एक बजावून सांगा: गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नकोस. सोलापूरचा एप्रिल-मे कसा असतो ते सांगायला नको, आणि बंद काचांच्या आत त्याहून वाईट.

सोबतचं कार्ड

गाण्यांची नावं हाताने लिहा आणि प्रत्येकापुढे एकच ओळ, ‘काय ऐक’ हे सांगणारी. ‘सात मोज’, ‘इथे बासकडे लक्ष दे’, ‘शेवटच्या मिनिटाला आवाज वाढव’. बँडचा इतिहास नको. तो फोनवर मिळतो.

अपवाद म्हणून एखादी गोष्ट लिहायची तर ऐकणाऱ्याच्या घराशी नातं सांगणारी लिहा. मी मागच्या बाजूला मेटलचा पाया घालणाऱ्या ब्लॅक सबॅथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा हा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१ च्या अल्बमला गिटार काळी एकपर्यंत उतरवली. ढिल्या तारा दाबायला सोप्या जातात. पुढे ज्यांनी ज्यांनी गिटार खाली उतरवून वाजवली, ते सगळे या माणसाचं देणं लागतात.

ते कार्ड बहिणीच्या आधी मामांनी वाचलं. मामा गिरणीत होते. चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि मला विचारलं, “कुठल्या मशीनवर गेली रे बोटं?” नंतर त्यांनी स्वतःहून एक गाणं लावायला सांगितलं, आणि ते संपल्यावर ‘बरं आहे, पण गाणारा रागावलाय कशाला’ असा शेराही मारला.

पेन ड्राइव्ह किंवा सीडी गुंडाळायला चकचकीत कागद आणू नका. नवी पेठेत फिरलात तर सोलापुरी टॉवेलचा हातरुमालाएवढा नॅपकिन मिळेल; त्यात बांधा. कागद फाटून कचऱ्यात जातो, नॅपकिन वापरात राहतो.

देण्याआधी आणि दिल्यानंतर

ज्यावर ते ऐकलं जाणार आहे त्याच प्रकारच्या वस्तूवर आधी सगळं मिक्स न थांबता ऐका. तिचे इअरफोन साधे असतील तर तुमचे भारी हेडफोन बाजूला ठेवा. साध्या इअरफोनवर एखाद्या गाण्यातली फक्त झांजच ऐकू येत असेल तर ते गाणं बदला, कितीही आवडतं असलं तरी.

दिल्यावर ‘आवडलं का?’ असं विचारू नका. लोक भिडेपोटी हो म्हणतात. आठवडाभराने विचारा, ‘कुठलं गाणं पुढे ढकललंस?’ याचं उत्तर खरं येतं. बहिणीने ‘ग्रीन मशीन’ ढकललं होतं आणि ‘चेंज’ परत परत लावलं होतं. म्हणजे तिला वजन चालतं, फक्त ते सावकाश आलेलं हवं. ऑडॅसिटीची प्रोजेक्ट फाइल म्हणूनच पुसायची नाही. त्यातलं एक गाणं काढून दुसरं बसवलं, दोन सांधे पुन्हा ऐकले आणि पुढच्या सुट्टीत पेन ड्राइव्ह भरून दिला. मेल्विन्स या वेळीही बाहेरच आहेत.